दाजींचा आरसा

दाजींच्या डोक्यात विमान घ्यायचं आलं तेव्हा ताईने एवढंच सांगितलं, "धाकटी हो म्हणाली तर मी बसेन. नाहीतर तुम्ही एकटे उडा."

धाकटी म्हणजे मी. छोट्या विमानांची दुरुस्ती हा माझा धंदा आणि नाही म्हणणं हा माझा स्वभाव. दाजी दातांचे डॉक्टर. विमान उडवायचा परवाना त्यांनी पन्नाशी उलटल्यावर काढला, पण ताई शेजारी नसेल तर वर जाऊन करायचं काय, हे त्यांनाही कळत होतं. त्यामुळे सगळं येऊन अडलं माझ्या सहीपाशी.

पहिलं विमान त्यांनी शोधलं ते लालभडक, चकचकीत. "नऊ वर्षांत जेमतेम साठ तास उडालंय," दाजी एखादं उत्तम स्थळ आणल्यासारखे सांगत होते. "म्हणजे कोरंच की."

"दाजी, बंद घराला वाळवी आधी लागते."

इंजिन चालत राहिलं तर आत तेल फिरतं. नुसतं उभं राहिलं की गंज धरतो. मी एक भाग उघडून त्यांना बॅटरीच्या उजेडात दाखवला. ते बराच वेळ वाकून बघत राहिले, सवयीने जीभ टाळ्याला लावून.

"रूट कॅनालवर भागेल?"

"कवळी बसवावी लागेल."

ते विमान तिथेच राहिलं. परतताना दाजी गाडीभर फुगून बसले आणि मला त्याचं काडीचंही वाईट वाटलं नाही.

दुसरं विमान भूगोलाच्या एका निवृत्त मास्तरांचं. चार जणांचं, एकतीस वर्षांचं, रंग विटलेला, पण दर आठवड्याला उडणारं. प्रत्येक दुरुस्ती वहीत सुवाच्य अक्षरात लिहिलेली. मास्तरांची नजर अधू झाली म्हणून ते विकत होते. वही माझ्या हातात देताना त्यांना ती सोडवेना. मला ते विमान पाहताक्षणी आवडलं, म्हणून मी जरा जास्तच कपाळाला आठ्या घालून कामाला लागले.

दोन दिवस तपासणी चालली. तेलाची गाळणी कापून आत धातूचे कण सापडतात का ते पाहिलं, पंखांचे सांधे पाहिले. शेपटीच्या पोटात विमान वर-खाली नेणाऱ्या तारा कप्पीच्या चाकांवरून जातात, तिथे माणसाचं डोकं शिरत नाही. तिथे मी दाजींनी दिलेला आरसा वापरते, दात बघायचा, दांडीचा. देताना म्हणाले होते, "मेहुणीबाई, तुझ्या पेशंटांची तोंडं माझ्या पेशंटांपेक्षा अरुंद."

आमच्या हँगरच्या भिंतीवर एक फळा आहे. त्यावर प्रत्येक हत्याराचा आकार पांढऱ्या रंगाने काढलाय. काम संपलं की हत्यारं आपापल्या आकारावर टांगायची. एक जरी जागा रिकामी दिसली तरी विमान जागचं हलत नाही. हा नियम माझाच, आणि त्यावरून मी सगळ्यांचं डोकं खात असते. दुसऱ्या संध्याकाळी फळा भरलेला पाहिला आणि सही ठोकली.

सकाळी वारा पडलेला होता. दाजी चालकाच्या जागी बसले, मास्तर त्यांच्या शेजारी आणि ताई मागे. तिचा चेहरा उतरला होता. पट्टा बांधून झाल्यावर काहीतरी करायचं म्हणून तिने पर्समधून छोटा आरसा काढला आणि केस सारखे करू लागली.

मी पंखाशी उभी होते. तिच्या हातातला आरसा पाहिला आणि मला माझा आरसा आठवला. दाजींचा आरसा फळ्यावर नव्हताच कधी. भेट आलेली वस्तू, तिचा आकार काढायचा राहूनच गेला होता. खिसे चाचपले. रिकामे. कदाचित घरी असेल, असं मन म्हणत होतं. दाजी जन्मभर चिडवतील, हेही तेच म्हणत होतं.

"इंजिन सुरू करू नका," मी म्हटलं. "उतरा सगळे. माझं एक हत्यार आत राहिलंय."

शेपटीखालचं झाकण काढलं. आरसा कप्पीपासून वीतभर अंतरावर पडला होता. मास्तरांनी चालकाचा दांडा हळूच मागेपुढे केला तसा तो तारेबरोबर कप्पीकडे सरकला; हवेत तिथे अडकला असता तर तार जाम झाली असती. दाजी चिडवायचं विसरून कप्पीकडे बघत राहिले. मला फार लाज वाटली.

मी सहीचा कागद फाडला. "ताई, आज बसू नकोस. माझं चुकलं."

पुन्हा सगळं तपासायला तीन तास लागले. दाजींनी तेवढ्यात रंगाची डबी शोधली आणि फळ्यावर आरशाचा आकार काढला, डॉक्टरी हाताने, अगदी रेखीव. मी आरसा तिथे टांगला, नवी सही केली आणि वळले तर ताई पंखावर पाय ठेवून चढत होती.

"आज नको म्हटलं ना तुला?"

"सकाळी तू हो म्हणालीस म्हणून बसले होते. भीती होतीच," ती म्हणाली. "तू चारचौघांत उतरा म्हणालीस ना, तेव्हा ती गेली."

मग तिने पर्स माझ्यासमोर उघडली. कंगवा, चाव्या, पेन, आरसा.

"मोजून घे."

मी चारही वस्तू मोजल्या. पाऊण तासाने ती खाली उतरली, तेव्हा दाजींच्या आधी माझ्याकडे आली आणि पर्स पुन्हा उघडून उभी राहिली. चारच होत्या.