गळ्याचं गळ्याला, पायाचं पायाला

धम्मदिनाचं डोकं आता खरंच फिरायला आलं होतं. तिची आई राहनाळच्या गोडाऊनमध्ये पॅकिंगला. नऊ-नऊ तास उभ्याने काम. परवापासून आईची डावी पोटरी टम्म सुजली होती, हात लावला तर गरम लागत होती. आणि शेजारची चंद्रामावशी तेलाची वाटी घेऊन दारात हजर!

"चोळू नकोस, मावशी! आई, थायरॉइडच्या डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या होत्या? थायरॉइड वाढला की रक्त गोठायला बघतं, एकच पाय सुजला तर लगेच या."

"ते गळ्याचं होतं," आई म्हणाली. "हा पाय आहे."

"मग रक्त काय गळ्यापर्यंतच जातं? पायात उतरायला बंदी आहे त्याला?"

"दहावीत गेली नि डॉक्टरीण झाली बघ," मावशी खिदळली.

दिनाने सरळ रिक्षाच बोलावली.

आईचा कायदा मोठा कडक. प्रत्येक आजाराचा डॉक्टर वेगळा, फाईल वेगळी, आणि एकाचं दुसऱ्याला कळू द्यायचं नाही, नाहीतर डॉक्टर लोक गोंधळतात म्हणे! थायरॉइडची फाईल तिने मुद्दाम घरीच ठेवली होती.

"आणखी काही आजार? गोळ्या चालू आहेत?" दवाखान्यातल्या डॉक्टरांनी विचारलं.

"काही नाही," आई गोड हसली, आणि टेबलाखालून दिनाला असा चिमटा काढला की बस.

"आहे!" दिना ओरडलीच. "थायरॉइड वाढलाय तिचा. छाती धडधडते, आठ किलो वजन उतरलंय. आणि जरा बरं वाटलं म्हणून महिनाभर गोळ्याच बंद केल्यात!"

डॉक्टरांचं पेन थांबलं. त्यांनी ताबडतोब पायाची सोनोग्राफी करायला लावली. शिरेत गुठळी निघाली.

"चोळू बिलकुल नका. गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतेल," ते म्हणाले. आईला भरती केलं, रक्त पातळ करायचं इंजेक्शन सुरू झालं.

डॉक्टर बाहेर गेले तशी आई छातीवर हात ठेवून हळूच म्हणाली, "दिने... काल चंद्राने चोळला होता गं. थोडासाच. आणि मघापासून श्वास घेताना इथे दुखतंय."

दिनाला रागावायलाही वेळ नव्हता. ती धावत जाऊन डॉक्टरांना परत घेऊन आली. धापा टाकत बोलायला तोंड उघडणार, एवढ्यात आईनेच हात वर केला.

"थांब. मी सांगते त्यांना. सगळं."