अकरा हात पागोटं

इंजिनियर तवाब यांनी आयुष्यात सतरा पूल बांधले, पण मुलाच्या लग्नाच्या सकाळी त्यांना स्वतःच्या विजारीत नाडी काही ओवता येईना.

नाडीचं टोक पेन्सिलीला बांधून ती नेफ्यातून सरकवायची, ही युक्ती त्यांचीच. विजारीचा घेर असा, की त्यात त्यांच्यासारखे तीन इंजिनियर आरामात मावले असते. अर्ध्या वाटेवर नाडी सुटली आणि पेन्सिल एकटीच पुढे गेली. बीबी माहरूंनी नवऱ्याच्या हातातून विजार ओढून घेतली, पेन्सिल बाहेर काढली आणि दोन मिनिटांत नाडी ओवून दिली. वर हेही ऐकवलं, की चाळीस वर्षं सूट घालून साहेबी केली की माणसाचं असंच होतं, पूल उभे राहतात आणि विजार खाली येते.

इंजिनियरांनी ऐकून घेतलं. आज कुणाचंही काहीही ऐकून घ्यायची त्यांची तयारी होती. कारण व्याही हाजी नेकमोहम्मद यांनी निरोपच तसा धाडला होता. वराकडचा एकूण एक पुरुष देशी पोशाखात हवा, लांब सदरा, घेरदार विजार, वास्कट. आणि वरबापाच्या डोक्याला पागोटं हवं. पँट-कोट दिसला तर मुल्लाला उंबऱ्यावरूनच परत पाठवीन, मग नवरी आमची आमच्या घरी आणि तुम्ही तुमच्या.

हाजी बोलले की करणार, हे अख्ख्या हेरात शहराला ठाऊक. साखरपुड्याला दोन वर्षं झाली होती आणि तीन तारखा मोडल्या होत्या. पहिल्यांदा म्हणाले, दोन ईदींच्या मधे लग्न नको. दुसऱ्यांदा म्हणाले, घराला चुना द्यायचाय. तिसऱ्यांदा मशहदहून नवरीची आत्या यायची होती. ती आली, महिनाभर राहिली, जेवून-खाऊन परतही गेली, तरी तारीख काही निघेना. बिचारा नवरदेव इदरीस सुकत चालला. यंदा जमलं नाही तर कामाला इराणात जाईन आणि पुन्हा तोंड दाखवणार नाही, असं त्यानं आईला सांगून ठेवलं होतं. एकुलता एक पोरगा. माहरू तेव्हापासून नमाजानंतर हाजींच्या सुबुद्धीसाठी वेगळी दुवा मागायच्या.

विजारीचं निभावलं, राहिलं पागोटं. पागोटं म्हणजे करड्या रेशमाचं अकरा हात कापड. इंजिनियरांनी आठवडाभर मुलाच्या फोनवर चित्रफीत बघून सराव केला होता. फोन टेकवला आरशाला, त्यामुळे फोनमधल्या माणसाचा डावा हात आणि आरशातल्या इंजिनियरांचा उजवा यांचं जे भांडण लागलं ते शेवटपर्यंत मिटलं नाही. एकदा तर कापडात त्यांचा कानच अडकला. शेवटी ते ज्याच्याकडून कापड घेतलं त्या दुकानदाराकडे गेले. त्यानं आपल्याच गादीवर बसवून पागोटं झकास बांधून दिलं, पाठीवर शेमल्याचं लांब टोक सोडलं आणि बजावलं, की निकाह लागेपर्यंत मान हलवायची नाही, वाकायचं नाही, शिंक आली तर गिळायची.

इंजिनियर मोटारीत बसले तर पागोटं छताला लागलं. गाजरगाहपासून हाजींच्या दरब-ए-खुश मोहल्ल्यापर्यंत ते खिडकीबाहेर डोकं काढून आले. रस्त्यातले लोक त्यांना कुणी मोठे पीर समजून छातीवर हात ठेवत होते. इंजिनियरांना उलट मान तुकवताही येईना, म्हणून लोकांचा आदर आणखीच वाढला.

हाजींच्या बैठकीत चाळीसेक वडीलधारी मंडळी भिंतीशी गाद्यांवर बसली होती. दारातच हाजी उभे. काय ते पागोटं त्यांचं! एकेक पेच मोजून घ्यावा असा. दरब-ए-खुशमध्ये तरुण पोरांना सांगायचे, माणसानं माणूस दिसायचं असेल तर हाजी नेकमोहम्मदांच्या डोक्याकडे बघा. हाजींनी व्याह्यांना टाचेपासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. कुठे खोट सापडेना, तेव्हा जरा हिरमुसल्यासारखे झाले आणि रीतीप्रमाणे तीनदा गळाभेट घेतली.

तिसऱ्या भेटीला घात झाला. इंजिनियरांचा शेमला हाजींच्या वास्कटाच्या बटणात अडकला. हाजी पाहुण्यांकडे वळून पुढे चालू लागले, इंजिनियर दारातच उभे, आणि मधे कापड उलगडत चाललं. चौथ्या पावलाला हाजींना ओढ जाणवली. त्यांनी मागे वळून पाहिलं तर अकरा हात रेशीम गालिच्यावर आडवं पडलेलं आणि त्याच्या पलीकडच्या टोकाला नुसत्या टोपीतला वरबाप.

बैठकीत चहाचा घोटसुद्धा कुणी गिळला नाही. इदरीसनं डोळे मिटून घेतले.  झालं, इंजिनियर मनात म्हणाले, गेला पोरगा इराणात. सतरा पुलांतला एकही कधी असा सगळ्यांसमोर कोसळला नव्हता.

 हाजींनी कापड गोळा केलं, इंजिनियरांचा दंड धरला आणि त्यांना आतल्या कोठीच्या खोलीत नेलं. खोलीत वाळल्या जर्दाळूंची पोती होती, पलीकडच्या दाराला पडदा होता आणि पडद्याआड बायकांची लगबग ऐकू येत होती. आता इथे गुपचूप नकार देणार, म्हणजे चारचौघांत शोभा नको, असं इंजिनियरांना वाटलं.

पण हाजींनी त्यांना पोत्यावर बसवलं आणि त्यांच्या डोक्याभोवती कापड गुंडाळायला घेतलं. पहिल्या खेपेला डोळे झाकले गेले. दुसऱ्या खेपेला सगळा भार एका कानावर आला. तिसऱ्या खेपेला हाजींनी कापड खाली ठेवलं आणि ते स्वतःच शेजारच्या पोत्यावर बसले. मोठा उसासा टाकून त्यांनी दोन्ही हातांनी आपलं पागोटं एखाद्या भांड्यासारखं अलगद उचलून बाजूला ठेवलं. खाली साधंसुधं टक्कल होतं.

"कुणाला बोलू नका, इंजिनियर साहेब," हाजी म्हणाले. "मला बांधता येत नाही. आधी आई बांधायची, मग बायको. ती गेल्याला सहा वर्षं झाली."

"आणि हजला गेलात तेव्हा?"

"तिथे एहरामाच्या वस्त्रांत डोकं उघडंच ठेवायचं असतं. बाकीचे दिवस टोपीवर काढले. अल्लानं लाज राखली."

एवढं बोलून त्यांनी इंजिनियरांची टोपी आपल्या डोक्यावर चढवली, कापड काखेत मारलं आणि पडद्याआड गेले. इंजिनियर आपले बोडक्या डोक्यानं जर्दाळूंत बसून राहिले. पडद्याला कान लावायची त्यांना सवय नव्हती, पण पडदा पातळ होता, त्याला ते तरी काय करणार.

आतून शकेबाचा, म्हणजे नवरीचा, आवाज आला. आज हे दुसऱ्यांदा कशाला, म्हणून ती विचारत होती. माझं नव्हे, तुझ्या सासऱ्याचं आहे, असं हाजी पुटपुटले. ती हसली. मग नुसती कापडाची सळसळ.

"मान सरळ ठेवा, बाबाजान. उद्यापासून कोण बांधणार?"

"उद्याचं उद्या."

"तीन तारखा मोडल्यात. तेवढ्यात शिकून झालं असतं."

"शिकत होतो," हाजी म्हणाले. "नाही जमलं."



इंजिनियरांना आधी असा संताप आला की विचारू नका. म्हणजे दोन ईदी, घराचा चुना, मशहदची आत्या, सगळं यासाठी? या कापडापायी माझा पोरगा दोन वर्षं अर्धा झाला? आता हा माणूस बाहेर येऊ दे, चांगलं सुनावतो. पण सुनावायचे शब्द जुळवता जुळवता त्यांच्या डोळ्यांपुढे हाजींची उद्याची सकाळ उभी राहिली. रिकामं घर, आरसा, आणि हातात अकरा हात कापड घेऊन उभा असलेला म्हातारा.  त्यांना माहरूंनी नाडी ओवून दिलेली विजार आठवली.

पडदा सरला. हाजी बाहेर आले ते इंजिनियरांचं पागोटं घालून, डोळे लालभडक. पोत्यांची धूळ फार, असं म्हणून त्यांनी नाक पुसलं. इंजिनियरांनी मान डोलावली, पोती खरं तर स्वच्छ होती. हाजींचं डोकं मोठं, त्यामुळे त्या डोक्यावर बांधलेलं पागोटं इंजिनियरांच्या भुवयांवर येऊन थांबलं. हाजींनी आपलं स्वतःचं परत चढवलं आणि दोघे व्याही बैठकीत आले.

मुल्लांनी निकाह लावला. नवरीचा वकील, म्हणजे तिच्या वतीनं बोलणारा माणूस, दोन साक्षीदारांसह आत जाऊन तिचा होकार घेऊन आला, मेहरची रक्कम ठरली होती तशीच बोलली गेली, बदाम-साखरेची उधळण झाली. इदरीसच्या चेहऱ्यावर दोन वर्षांनी रक्त आलं. दुवा झाली, तेव्हा मुल्लांनी रीतीप्रमाणे विचारलं, की कुणाला काही सांगायचं आहे का.

इंजिनियर उठले. पागोटं भुवयांवर असल्यानं समोरचा माणूस दिसायला त्यांना हनुवटी वर करावी लागत होती.

"माझी एक अट आहे," ते म्हणाले.

हाजींचा चेहरा पांढरा पडला. इदरीसचाही. वराकडून निकाहनंतर अट घातलेली त्या बैठकीत कुणी ऐकली नव्हती.

"माझी फजिती तुम्ही सगळ्यांनी आत्ता पाहिलीच. साठीला आलो, पण डोक्याला दोन पेच नीट बसवता येत नाहीत. हे शहरात पसरायच्या आत मला शिकायचंय. हाजी साहेबांसारखं पागोटं हेरातमध्ये दुसऱ्या कुणाचं नाही. तर त्यांनी रोज सकाळी माझ्या घरी चहाला यावं आणि मला शिकवावं. येताना आपलं पागोटं सुटंच आणावं, म्हणजे पहिल्यापासून बघता येईल."

चाळीस म्हाताऱ्यांनी मांड्यांवर थापा मारल्या. शहरात शिकलेल्या लोकांची कशी दशा होते, यावर बैठकीत मनसोक्त टोमणे झाले. कुणी म्हणालं, पूल तरी सुलटे बांधले ना. इंजिनियर हनुवटी वर करून सगळं ऐकत उभे राहिले.

हाजी हसले नाहीत. 

"किती दिवस लागतील शिकायला?" त्यांनी विचारलं.

"मी फार मठ्ठ आहे, हाजी साहेब," इंजिनियर म्हणाले. "वर्षानुवर्षं लागतील."

हाजींनी वास्कटाचं बटण उगाचच लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

"मग उद्या सहालाच येतो," ते म्हणाले.

"आठला या," इंजिनियर म्हणाले. "पोरांचं आजच लग्न झालंय."