देवीच्या दारात सोडलेला पासंग

मित्रांनो, मला पाहून तुम्ही थांबणार नाही. मुठीत मावेल एवढा काळा, गुळगुळीत गोटा, त्यात काय पाहायचं? पण एका जुन्या तराजूचं खरेपण वर्षानुवर्षं माझ्या जिवावर टिकून आहे. मी त्याचा पासंग.

माझा जन्म अर्नाळ्याच्या किनाऱ्यावरचा. लाटांनी मला किती काळ घोळवलं, ते समुद्रालाच ठाऊक. अजूनही माडांतून वारा वाहिला की वाटतं, भरती येते आहे आणि मी डोळे मिटून घरंगळतो आहे. तिथून शंकर नावाच्या बागायतदाराने मला उचललं आणि गिरीजला आपल्या केळीच्या वाडीत आणलं. त्याच्या मोठ्या तराजूच्या उजव्या पारड्याची फळी वाळवीने खाल्ली होती. नवी फळी बसवली, ती भारी लाकडाची निघाली. रिकामी दांडीसुद्धा उजवीकडे झुकू लागली. मग शंकरने मला सुतळीच्या जाळीत गुंफून डाव्या पारड्याखाली बांधलं, आणि दांडी सरळ झाली. मी कोणाला देत नाही, कोणाचं घेत नाही. एका बाजूचं जड दुसऱ्या बाजूने सावरतो, एवढंच.

शंकर देवाघरी गेला आणि तराजू त्याच्या बायकोच्या, चंद्रकांताबाईंच्या हाती आला. फार हळू बोलणारी बाई. पहाटे तुळशीला पाणी, मग देवापुढे दिवा, मग तराजू. मलाही हळदीचं बोट लागायचं. माल न्यायला आलेली माणसं म्हणत, "मावशींच्या मापाला बघायला नको." ते ऐकून मी सुतळीतल्या सुतळीत फुलत असे.

पुढे आकडे दाखवणारा काटा आला आणि आम्ही माळ्यावर गेलो. बाईंचा मुलगा स्वरूप वालीवच्या कारखान्यात कामाला. संध्याकाळी फोनवर त्याचं चालायचं, "काउंटरवेट नीट बसवा, एका बाजूचा लोड दुसऱ्या बाजूने ऑफसेट झाला पाहिजे." काउंटरवेट, ऑफसेट! काळोखात पडल्या पडल्या मी ते शब्द घोळवत राही. वाटे, हे माझेच कोणी दूरदेशीचे भाऊबंद असावेत, मोठमोठ्या यंत्रांच्या पाठीशी उभे. स्वरूपला मात्र माळ्यावरचा मी कधी आठवला नाही.

मग त्याची मुलगी रिद्धी तापाने अंथरुणाला खिळली. चंद्रकांताबाईंनी नवस केला, "देवी, पोर उठू दे. तिच्या भारोभार वाडीतली राजेळी केळी तुझ्या पायाशी ठेवीन. तोवर अन्नाला शिवणार नाही." देवीने ऐकलं, ताप उतरला. दुसऱ्याच सकाळी तुलेसाठी आम्हाला माळ्यावरून काढलं आणि देवळाच्या मांडवात टांगलं.

बाई आत ओटी भरत होत्या. बाहेर त्यांची जाऊ सत्यवती पारड्याखाली बांधलेल्या मला बघून हसली.

"काय रे स्वरूप, देवीच्या दारातही काटा मारताय काय?"

चार लोक हसले. स्वरूपचे कान लाल झाले. त्याने एका झटक्यात गाठ सोडली आणि मला पायरीवर ठेवलं. मला तोंड असतं तर ओरडलो असतो. रिद्धी डाव्या पारड्यात बसली, उजवीकडे केळी चढली, दांडी सरळ झाली. टाळ्या पडल्या. उरलेली केळी पोरांना वाटली, त्यांनी ती खाल्लीसुद्धा.

बाई बाहेर आल्या आणि मी पायरीवर पडलेला त्यांना दिसलो. त्यांचा चेहरा उतरला.

"स्वरूप, हा कोणी सोडला?"

"मी, आई. लोक हसत होते गं. आता झालंय ना सगळं!"

"नाही झालं, बाळा. त्या जड फळीचा जादा भार केळ्यांत मोजला गेला. नवस उणा राहिला."

"देवी काय वजन बघत बसलीय?" सत्यवती म्हणाली.

"ती बघत नसेल गो. शब्द मी दिला होता."

बाईंनी मला पुन्हा बांधलं. रिद्धी अजून बसलेली होती, तिचं पारडं खाली गेलं. "आजी, मी जड झाले!" ती खिदळली. पण घालायला केळं उरलं नव्हतं. मग बाईंनी उपास सोडायला पदरात बांधून आणलेली दोन राजेळी काढली आणि उजव्या पारड्यात ठेवली.

दांडी हलली, डुलली आणि पाण्यासारखी निवांत झाली.

"अगो, आता तू काय खाणार?" सत्यवतीने हळूच विचारलं.

"खाईन घरी जाऊन. आता घास गोड लागेल."

सत्यवतीने खाली वाकून माझी सैल गाठ घट्ट केली.

मित्रांनो, तुमच्याही घरात काहीतरी असं उगाच बांधलेलं, कोणाच्या लक्षात न येणारं असेल. वस्तू असेल, नाहीतर एखादं माणूसही. लोक हसतात म्हणून त्याची गाठ सोडू नका. घरातल्या जाणत्या माणसापाशी बसा आणि विचारा, हे इथे का आहे? तेवढं विचारलंत, तरी आम्हाला पुष्कळ झालं.