दुपट्ट्याखालचा हात

परक्या माणसाचा हात भर बाजारात धरल्याबद्दल साऱ्या शेंदूरजन्यात माहं नाव झालं. कोणी म्हणे पार्वताबाई बेशरम हाय, कोणी म्हणे वाघीण हाय. म्या दोघायलेही चहा पाजला. तो हात धरला नसता तर माह्या नवऱ्याले फाशी झाली असती, मंग कोणाची शरम अन् कोणाचं काय!

आमचे हे, म्हणजे नत्थुजी (आता माहे दात पडले, नाव घेतलं तर देव काही रागवत नाही), लय अबोल. देवानं त्यायले तोंड दिलं ते फक्त भाकर खायले. त्यात आमची सासू सुंदराबाई अशी कडक का तिच्यापुढं नवरा-बायकोनं एक शब्द बोलायची सोय नाही. बोललं का लगेच, "काहून वं, मोठ्या माणसायची लाज हाय का नाही?"

पण ह्यायनं त्याच्यावर तोड काढली होती, अन् ती संत्र्याच्या बाजारातून आणली होती.

तवा संत्र्याचा भाव तोंडानं होत नसे. व्यापारी अन् बागवाला समोरासमोर बसत, हातावर खांद्यावरचा दुपट्टा टाकत अन् खालून एकमेकाची बोटं दाबत. जितकी बोटं तितका भाव. बाजूच्याले पत्ता लागू नये हा त्यातला मतलब. अन् अख्खा पंजा धरला का सौदा पक्का. मंग ब्रह्मदेव खाली उतरला तरी फिरत नसे.

आमी बैलगाडीनं कुठं निघालो का सासू समोर बसे, तोंड पुढं, कान मागं. आमचे हे हळूच माह्या हातावर दुपट्टा सरकवत. एक बोट दाबलं म्हणजे तहान लागली. दोन दाबली म्हणजे बुढी झोपली काय? अन् अख्खा पंजा धरला म्हणजे... ते तुमाले कायले पायजे? आमचा सगळा संसार त्या दुपट्ट्याखाली बोलला.

त्या वर्षी, एकसष्ट का बासष्ट साल असंल, आंबिया बहार असा आला का फांद्यायले टेकू लावावे लागले. पंजाबराव दलाल भाव घेऊन आला. मोठा हसरा माणूस, खिशात रेवड्या घेऊन फिरे, दिसलं पोट्टं का दे रेवडी. पण त्या दिवशी त्यानं दुपट्ट्याखाली ह्यायले असा पडेल भाव सांगितला का ह्यायचं डोस्कं फिरलं. भर बाजारात ओरडले, "गळा दाबीन तुहा, पंजाबराव!" साऱ्या जन्मात माणूस एकदा ओरडला, अन् तेही चुकीच्या दिवशी.

दुपारी पंजाबराव आमच्याच बागेतल्या झोपडीत मरून पडला होता. गळा दाबलेला. पहिल्यांदा ह्यायनंच पाह्यलं. उघडं मढं बरं नाही दिसत म्हणून आपल्या खांद्यावरचा दुपट्टा त्याच्या आंगावर टाकला. झालं! बाजारातला शब्द अन् मढ्यावरचा दुपट्टा, पोलिसायले अजून काय पायजे? ह्यायले धरून नेलं. इतकी बोलायची वेळ आली, अन् आमचा माणूस काही बोललाच नाही. "म्या नाही मारलं," एवढंच म्हणाले अन् गप बसले.

मी मात्र गप बसली नाही. पंजाबरावाले उचलतानी म्या त्याचं तोंड पाह्यलं होतं. दातायले रक्त होतं, अन् त्याच्या ओठाले साधं खरचटलंही नव्हतं. म्हणजे मारणाऱ्यानं गळा दाबतानी त्याचं तोंडही दाबलं होतं अन् पंजाबराव मरता मरता कडाडून चावला होता. ह्यायचे दोन्ही हात म्या पाह्यले होते, साफ होते.

ठाण्यात सूर्यभान जमादार नवीनच आला होता. छप्पन साली दीक्षा घेतलेल्या घरचा, शिकलेला, बोलणं रोखठोक. त्यानं माहं सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, "बाई, दाताचं तुमचं म्हणणं मले पटते. साहेबाले पटत नाही. अन् मी साऱ्या तालुक्याचे हात कसे तपासू? तुमी चावलेला हात आणा, मी बेडी आणतो."

"आणतो," म्या म्हटलं. म्हणून तर आली, पण आणू कुठून? वकील म्हणे फाशी, नाहीतर जन्मठेप. घरी सासू रडून रडून अर्धी झाली होती. रात्री माहा हात आपसूक बाजूले जाई अन् रिकाम्या गोधडीवर पडे. लय वाईट दिवस होते, सांगतो तुमाले.

दीड महिना असाच गेला, अन् अशात आमच्या गावाले एक समाजसुधारक भेटला. उत्तमराव व्यापारी! सख्ख्या मामाले सडकी संत्री विकणारा माणूस, अन् एकदम म्हणायले लागला का, "आता जमाना बदलला. हे दुपट्ट्याखालचं लपूनछपून बंद करा. मी उघड भाव बोलणार, साऱ्यायसमोर बोलणार." लोक खूश. मास्तरानं शाळेत त्याच्यावर भाषण ठोकलं. गावानं हार घातला. मीही सासूले घेऊन हाराच्या कार्यक्रमाले गेली होती, तिले जरा बरं वाटावं म्हणून. सासू म्हणे, "पाय, माणूस कसा सुधरते!"

म्या मनात म्हटलं, पण सासूबाई, कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच. ह्याले सुधरायची इतकी घाई काहून? मी पाहातच राह्यली. गळ्यातला हार काढला तो डाव्या हातानं. उजव्या हातात एक जाडजूड सोन्याची अंगठी, करंगळीजवळच्या बोटात. हा मक्खीचूस माणूस, बायकोले बुगडी नाही, अन् स्वतःले अंगठी? माह्या डोक्यात लखकन उजेड पडला. सौदा उघड झाला तर हात कोणाच्या हातात द्यावा लागत नाही!

दुसऱ्या दिवशी म्या जमादाराले निरोप धाडला, "शुक्रवारी आमची संत्री बाजारात येतात. खायले या."

शुक्रवारी म्या ढीग लावला. संत्री तोडणारे मजूर आपल्या कैच्या टोपल्यात टाकून बाजूले बसले. सूर्यभान जमादार एका खोक्यावर बसून संत्रं सोलून राहिला. उत्तमराव आला, पांढरं स्वच्छ धोतर, काळा कोट, अन् उभ्यानंच मोठ्यानं भाव बोलला.

"असं नाही, भाऊ," म्या म्हटलं. "मी बाईमाणूस, माहा मालक कोठडीत. माह्या घरचा भाव मी चारचौघात ओरडू काय? आमच्या घरचा सौदा दुपट्ट्याखालीच होत आला, तसाच होईन."

"पण वहिनी, परक्या बाईचा हात मी कसा धरू? लोक काय म्हणतील?"

"वहिनी म्हणता ना? मंग वहिनीच्या हाताची कायची लाज? का भेव वाटून राह्यलं?"

अख्खा बाजार हसला. म्हाताऱ्या बागवाल्यायले तशीही ती उघड बोली पटली नव्हती. ते म्हणाले, "बस ना, उत्तमराव! बाई काही खात नाही तुले!" आता सुधारक माणसाचं गावासमोर चालते थोडंच? बसला बिचारा. म्या दुपट्टा पसरला. त्यानं खाली हात सारला. डावा.

"अरे बाप्पा!" म्या ओरडली. "सौदा करून राह्यले का माह्या नवऱ्याचा पिंड पाडून राह्यले? उजवा द्या!"

लोक पुन्हा हसले, पण उत्तमराव हसला नाही. कपाळावर घाम आला होता, अन् हवा तर थंडीची होती. हळूहळू त्यानं उजवा हात सरकवला.

म्या एकेक बोट चाचपलं. अंगठा, वळला. पुढचं बोट, वळलं. त्याच्या बाजूचं, वळलं. अंगठीवालं बोट म्या दाबलं, तर ते वळेच ना. लाकडावाणी ताठ. अंगठी वर सारली. खाली कातडीवर गाठी लागल्या, बोटाच्या वरूनही अन् खालूनही, अर्ध्या गोलात. माणसाच्या दातायच्या. मले रडू आलं, राग आला, अन् खोटं कायले बोलू, आनंदही झाला. ज्याले शोधत होती तो हात माह्या मुठीत होता.

"उत्तमराव," म्या हळूच म्हटलं, "पंजाबराव अजून सोडून नाही राह्यला तुमाले."

त्यानं हात हिसडला. म्या अख्खा पंजा धरला, दोन्ही हातायनं. "सौदा पक्का!" म्या बोंबलली. "जमादारसाहेब, चावलेला हात हा घ्या!"

मंग जे झालं ते पाहून मास्तरायची बोबडी वळली. ते पांढरं धोतर, ती गोड वाणी, सगळं गळून पडलं. उत्तमरावानं मले अशी लाथ मारली का मी ढिगावर आपटली, पण पंजा सोडला नाही. तो मले ओढत संत्र्यायवरून पळायले गेला. पायाखाली संत्री फुटून राहिली, तो घसरून राहिला, मी त्याच्या मागं फरपटून राहिली. डाव्या हातानं त्यानं टोपल्यातली कैची उचलली अन् माह्या मनगटात खुपसली. हा पाहा वण. रक्त निघालं, संत्र्याचा रस त्यात गेला, अशी आग झाली का सातही पिढ्या आठवल्या.

"सोड! सोड मले, नाही तर तुलेही तसंच मारीन!"

"कसंच?" सूर्यभान जमादारानं विचारलं. त्याच्या एका हातात अजून अर्धं संत्रं होतं. दुसऱ्या हातानं त्यानं उत्तमरावाचं कैचीवालं मनगट पिरगाळलं.

"पंजाबरावाले मारलं तसंच!" उत्तमराव किंचाळला, डोळे लाल, तोंडाले फेस. "माहा दलाल, माह्या पैशावर जगला अन् माह्यावरच उलटला! म्हणे, नत्थूची माया येते, नागपूरचा खरा भाव त्याले सांगून येतो! त्याच्याआधी मी झोपडीत जाऊन बसलो. म्हटलं, सांग आता!"

ढिगातली संत्री अजून घरंगळून राहिली होती. मले भडभडून आलं. सकाळी पडेल भाव सांगणारा पंजाबराव दुपारी आमाले खरं सांगायलेच आला होता. अन् त्याच्याच आंगावर ह्यायनं दुपट्टा टाकला होता.

जमादारानं बेडी काढली. "सोडा आता, बाई."

"नाही सोडत. सोडला तर माहा नवरा जेलातच अटकन."

"अहो, तुमी नाही सोडलं तर बेडी तुमच्याच हातात अटकन!"

तवा कुठं माही बोटं सुटली. मास्तर घरी गेले अन् चार दिवस शाळेत कोणावरच भाषण केलं नाही.

अमरावतीच्या जेलच्या फाटकावर आमी ह्यायले घ्यायले गेलो, मी अन् सासू. सोबत नवा दुपट्टा नेला होता. हे बाहेर आले, वाळले होते, दाढी वाढलेली. सासूच्या पाया पडले. माह्या मनगटाच्या पट्टीकडं पाह्यलं. मले वाटलं, आता तरी बोला ना बाप्पा! पण नाही. म्या रागानं दुपट्टा त्यायच्या हातात कोंबला.

गावाकडं यायले वरूडची मोटार धरली, तिच्यात सासू समोरच्या बाकावर बसली, तोंड पुढं, कान मागं. आमी मागं. मोटार खच्चून भरलेली, अर्धी माणसं वळखीची. म्या वाट पाहून राहिली, का आता हे दुपट्टा सरकवतील, एक बोट दाबतील, नाहीतर दोन.

ह्यायनं दुपट्टा घेतला, झटकला अन् आपल्या खांद्यावर टाकला. अन् मंग साऱ्या मोटारीच्या देखत, उघड्यावर, माहा पट्टीवाला हात आपल्या हातात घेतला. अख्खा पंजा.

सासूनं नेमकं तवाच मागं वळून पाह्यलं. मी भेवानं हात ओढायले गेली, पण ह्यायनं सोडला नाही.

"आई," हे म्हणाले, "सौदा पक्का हाय."

बुढीनं आमच्या हाताकडं पाह्यलं, मंग माह्या पट्टीकडं. डोळे पुसले अन् तोंड पुढं केलं.

"धर बाबा, नीट धर," ती म्हणाली. "वरूड अजून दूर हाय."