थोरल्या काकांचा कान

कुठेतरी पाणी मुरतंय, हे तिला केव्हाच कळलं होतं. थोरले काका लढाईत गेले, एवढंच घरात सगळे सांगत. पुढचं काही विचारलं की बाबा कानातलं ऐकण्याचं मशीन काढून टेबलावर ठेवत. झालं, विषय संपला! ते मशीन तिनंच बसवून दिलेलं, म्हणून तिचा राग दुप्पट.

गावात उभ्या राहणाऱ्या हुतात्म्यांच्या नव्या दालनात काकांचा फोटो लागणार होता, आणि तो द्यायचं काम तिच्याकडे आलं होतं. खोटं काही भिंतीवर चढवायची तिची तयारी नव्हती. तिनं सैन्याच्या कचेरीत विचारलं. सैनिक खरा, मृत्यू खरा, देह मिळाला नाही, असं उत्तर आलं. तो न मिळालेला देह काही तिच्या डोक्यातून जाईना.

मग तिनं बैठकीतला काकांचा गणवेशातला फोटो उतरवला आणि आपल्या कामाच्या दिव्याखाली धरला. ती मशीनसाठी कानांचे साचे करायची. जग माणूस चेहऱ्यानं ओळखतं, ही कानानं. फोटोतल्या कानाच्या वरच्या कडेला एक आडमुठी घडी होती. हुबेहूब तीच घडी बाबांच्या कानाला होती; तिथे बोचतो म्हणून त्यांचा प्रत्येक साचा तिनं घासला होता.

तिच्या पायाखालची वाळू सरकली. गणवेशात बाबा! मग मेलं कोण? आणि भावाचं नाव लावून घरी कोण परत आलं?

ती तडक आत्याकडे गेली. बाबांची ही बहीण एरवी ताकास तूर लागू देत नसे.

"आत्या, खरं सांग. पळून आलेला सैनिक माझा बाप म्हणून घरात बसलाय का?"

"कोण, तो?" आत्याला हसू फुटलं. "अगं, तो झुरळाला घाबरतो!" आणि हसता हसता तिचे डोळे भरले. "दादाचा एकही फोटो नव्हता गं. आईनं अंथरूण धरलं. त्याचा चेहरा पुसट होत चाललाय म्हणून रडायची. फोटोवाल्याकडे भाड्याचा गणवेश होता, तो तुझ्या बापाला चढवला. मिशी रंगवली. दादाचाच जुना फोटो सापडला, असं तिला सांगितलं."

"आणि आजीला ते पटलं?"

"पोटच्या पोरांत आई चुकते होय? पण तिनं फोटो भिंतीला लावला आणि गुमान जेवायला बसली. मग कोण बोलणार?"

घरी येईपर्यंत तिला स्वतःचीच लाज वाटत होती. सख्ख्या बापाला चोर ठरवून मोकळी झाली होती ती.

बाबा खुर्चीत बसले होते. तिनं फोटो समोर ठेवला, तसा त्यांचा हात कानाकडे गेला.

"काढू नका, बाबा. आत्यानं सगळं सांगितलंय. दालनात फोटो नको, नुसतं नाव देऊ. मला फक्त एवढंच सांगा, काका दिसायचे कसे?"

हात कानापाशीच थांबला.

"तू कधीतरी हेच विचारशील म्हणून काढत होतो," ते म्हणाले.

"मग सांगा ना."

बाबा फोटोकडे बघत राहिले.

"इतकी वर्षं येता-जाता हाच बघतोय. आता डोळे मिटले तरी दादा येत नाही गं. मीच येतो."