हिरव्या पावलांना आठ दिवस का लागतात

रविवारी सकाळी आमच्या बागेत मुंगी शिरायला जागा नव्हती. चालण्याच्या पट्ट्यावर माणसं, बाकांवर माणसं. घसरगुंडीच्या शिडीवरसुद्धा दोन पोक्त गृहस्थ चढून माना उंच करून बघत होते. सगळ्यांची नजर मधल्या हिरवळीवर. हिरवळ म्हणायची एक पद्धत. उन्हाळ्यात पाणी कमी केल्यापासून तिचा रंग जुन्या गोणपाटासारखा झाला होता. आणि त्या गोणपाटावर गर्द हिरवी पावलं उमटली होती. डावं, उजवं, डावं, उजवं. पाच बोटं, टाच, सगळं जिथल्या तिथे.

"पाहा! पुण्यमाता चालून गेल्या!" पाऊलबाबांनी हात वर केले, आणि पुढच्या रांगेतली माणसं मटकन खाली बसली.

ही पुण्यमाता म्हणजे माझी बायको.

ती हिवाळ्यात वारली. आमच्या दोन खोल्यांत ती पाळणाघर चालवायची. मुलांना उड्या मारायला जागा नाही, म्हणून बागेतली मधली हिरवळ मुलांना खेळायला द्या, असा तिने पालिकेकडे धोशा लावला होता. बागेच्या नव्या आराखड्यात ते आलंही. बुटके झोके, वाळूचा हौद, कुबड्या घेऊन येणाऱ्या मुलांसाठी उतरता रस्ता. काम सुरू होणार तेवढ्यात ती गेली, आणि तिच्यामागून पाऊलबाबा आले.

हे कुठून आले ते कोणी विचारलं नाही. बोलणं असं गुळगुळीत की माशी बसली तर घसरून पडेल. "ज्या बाईने जन्मभर दुसऱ्यांची लेकरं सांभाळली, तिला वर करमेल का? ती येते. रोज येते. पण आत्म्याचं पाऊल हलकं असतं, बाबांनो. आज टेकलं की आठ दिवसांनी उमटतं. श्रद्धा ठेवा, घाई करू नका!"

आणि खरंच, बाबांनी "आज येऊन गेल्या" म्हणावं आणि आठ दिवसांनी तिथे पावलं दिसावीत. आता त्यांचं म्हणणं होतं की हिरवळीला कुंपण घालावं, मधोमध सभामंडप बांधावा आणि सेवेसाठी त्यांनी तिथेच मुक्काम करावा.

"आणि मुलांचं काय?" कोणीतरी विचारलं.

"पवित्र जागी धिंगाणा नको," बाबा म्हणाले. "मातेला त्रास होतो."

पंधरा दिवसांनी पालिकेचे साहेब बागेतच लोकांचं म्हणणं ऐकून निर्णय देणार होते. झोके की मंडप.

तुम्ही म्हणाल, तुम्ही गप्प का बसलात? सांगतो. घरी तिचं नाव कोणी काढत नव्हतं. मुलगा-सून मला जपायचे. तिचा विषय निघाला की सून पंखा मोठा करायची आणि मुलगा मोबाइलमध्ये तोंड घालायचा. बागेत मात्र शंभर माणसं तिच्याविषयी बोलत होती. मी रोज बाकावर जाऊन बसायचो आणि ऐकायचो. तिने म्हणे आयुष्यात कधी आवाज चढवला नाही. तिने! ती हाक मारायची तेव्हा समोरच्या इमारतीतली मुलंही हात धुऊन जेवायला बसायची. पण ऐकायला बरं वाटायचं. खोटं का होईना, तिच्याबद्दल होतं.

एकच गोष्ट खटकायची. ती पावलं कशी सरळ चालली होती! वाटेत कुठे थांबली नाहीत, वळली नाहीत. माझी बायको अशी सरळ चालणारी असती तर मी निम्मं आयुष्य भाजीच्या पिशव्या धरून कोपऱ्याकोपऱ्यावर उभा राहिलो नसतो.

हे मी बागबाईंना बोललो. बागबाई म्हणजे पालिकेच्या उद्यान अधीक्षक. शेतकी शिकलेल्या, डोक्यावर टोपी, पायात गमबूट, शहरातल्या सगळ्या बागा यांच्याकडे. त्या माझ्या शेजारी येऊन बसल्या होत्या.

"काका, हे बाबा आठ दिवस म्हणतात? नेहमी आठच?"

"आठ. कधी एखादा इकडेतिकडे."

बागबाई तोंडावर टोपी धरून हसल्या. मग एकदम गंभीर झाल्या. "हे मी उघडं पाडू शकते. पण तुम्हाला विचारल्याशिवाय नाही. ही गर्दी उद्या उठेल. लोक काकूंबद्दल बोलायचे थांबतील. चालेल तुम्हाला?"

चालेल असं माझ्या तोंडून निघेना. मी म्हटलं, "बघतो."

आम्ही तिथेच बसलो होतो, तेवढ्यात एक चेंडू घरंगळत हिरवळीवर गेला. त्यामागे बायकोच्या पाळणाघरात यायची ती एक चिमुरडी. पांढऱ्या सदऱ्यातल्या एका स्वयंसेवकाने तिला दंडाला धरून मागे ओढलं. "कळत नाही? पुण्यमातेची जागा आहे!" मुलगी रडत म्हणाली, "पण काकू काही नाही म्हणायच्या!" त्याने चेंडू उचलून बाबांच्या दानपेटीत टाकला.

मी बागबाईंना म्हटलं, "सांगा, काय करायचं."

"उद्या नातीला घेऊन या. आणि एक झारी."

दुसऱ्या दिवशी भर सकाळी, सगळ्यांच्या देखत, मी आणि माझी सहा वर्षांची नात हिरवळीच्या कडेला पाणी घालत होतो. बागबाईंनी झारीत काय कालवलं ते त्यांनी मला सांगितलं होतं, नातीला नाही. नात बोटाने दाखवायची, "आजोबा, इकडून रेघ, आता आडवी," आणि मी तोटी धरायचो. जमिनीवर ओल दिसली, वाळली, संपलं. पाऊलबाबा स्वतः शेजारून गेले. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "सेवा करा, काका, सेवा! माता पाहते आहे."

"पाहू दे की," मी म्हटलं.

सुनावणीच्या रविवारी पुन्हा तुडुंब गर्दी. साहेब आले, त्यांच्याबरोबर फायली धरलेला एक टक्कल पडलेला कारकून आला. आणि हिरवळीच्या कडेला, पावलांपासून चार हात दूर, नवाच चमत्कार उगवलेला. हिरव्यागार रेघांचे चौकोन. एक घर, त्यावर एक घर, मग जोडघर, पुन्हा एकेरी, पुन्हा जोड, आणि वर अर्धा गोल. तिसरं घर जरा फुगलं होतं, कारण तिथे नातीने मला हसवलं होतं.

बाबा क्षणभर गांगरले. पण धंद्यात मुरलेला माणूस. डोळे मिटले, मान डोलावली.

"साहेब, मातेने स्वतः आराखडा दिला आहे! हे एकेरी घर म्हणजे एकटा जीव. जोडघर म्हणजे संसार. पुन्हा एकटा जीव, पाहा, किती गूढ! आणि वरचा हा अर्धगोल म्हणजे मोक्ष. मंडप याच मापाने बांधावा. कोणीही पाय ठेवू नका, भस्म व्हाल!"

माझ्या नातीने माझा हात ओढला.

"आजोबा, मोक्षात उडी मारू?"

"मार."

तिने खडा टाकला, एक पाय उचलला आणि टुणटुण करत निघाली. एकेरी, एकेरी, जोडघरात दोन्ही पाय, पुन्हा एक. मोक्षात गिरकी घेतली, येताना वाकून खडा उचलला आणि ओरडली, "रेघेला पाय लागला नाही! सगळ्यांनी बघितलंय!"

मागून एक बाई म्हणाली, "अगंबाई, ही तर ठिकरीची घरं!" आणि हशा पिकला.

"मुलीच्या अंगात माता संचारली," बाबा घाईघाईने म्हणाले.

"माता नाही, बाबा, युरिया," बागबाई म्हणाल्या आणि झारी उंच धरली. "साधं खत. पाण्यात विरघळलं की रंग दिसत नाही. उपाशी गवतावर रेघ ओढली की तेवढंच गवत जेवतं आणि आठवड्याभरात हिरवं होतं. मी कालवलं, काकांनी तुमच्या डोळ्यांदेखत घातलं. तुम्ही तर आशीर्वादही दिलात. पावलांचं तेच. पावलाच्या आकाराचा स्पंज कापायचा, बुडवायचा, दाबायचा. उलटा केला की डावं. म्हणून तर दोन्ही पायांची बोटं तंतोतंत सारखी. आणि ती शेवटची दोन पावलं पिवळी जळलेली दिसतात ना?"

"तो मातेचा कोप!"

"खत जास्त झालं. असं करू या. बाजूचा तुकडा मी आजपासून जाळीखाली कुलपात ठेवते. किल्ली साहेबांकडे. मातेला कुलूप काय अडवणार? आठ दिवसांनी एक पाऊल दाखवा, मी स्वतः मंडपाची वीट उचलते."

"श्रद्धेची परीक्षा घ्यायची नसते," बाबा पुटपुटले. घाम पुसत, उन्हाला नावं ठेवत ते फाटकाकडे सरकले. पांढरे सदरे पाठोपाठ गेले.

सगळेच हसले नाहीत. एक म्हातारी माझ्यासमोर उभी राहिली. "मला इथे येऊन बरं वाटत होतं. तुम्ही ते घेतलंत."

"मलाही वाटत होतं, बाई," मी म्हटलं. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो. मला भाषण येत नाही, जमलं तसं सांगितलं. "माझी बायको मेली. ती गवतात नाही. दुःख असतं तेव्हा माणूस काहीही मानायला तयार होतो, मीही होत होतो. नेमकी हीच वेळ साधून असली माणसं येतात. तुम्ही दुःख करा, पण डोकं गहाण टाकू नका. चमत्कार दिसला की विचारा, हे कसं झालं? आम्हाला करता येईल का? आणि यातून कोणाचं भलं होतंय? एवढं विचारलं असतंत तर त्या पोरीचा चेंडू पेटीत गेला नसता."

साहेबांनी फाइलवर तिथेच सही केली. झोके.

गर्दी पांगली. मुलं हिरवळीवर धावली आणि पुण्यमातेची पावलं बघता बघता तुडवली गेली. मी बाकावर बसलो. बागबाई म्हणाल्या होत्या तसंच झालं, तिचं नाव घेणारं कोणी उरलं नाही. आता घरी जायचं, आणि पंखा.

तेवढ्यात तो टक्कल पडलेला कारकून फायली काखेत मारून समोर आला.

"पुण्यमाता कसली हो," तो म्हणाला. "फार भांडकुदळ बाई होत्या तुमच्या."

मी वर पाहिलं.

"आमच्या कचेरीत एकदा पाळणाघरातली सगळी पोरं घेऊन आल्या. म्हणाल्या, बागेत जागा नाही ना, मग तुमच्याकडे खेळतील. आणि स्वतः विणकाम काढून बसल्या. पोरं माझ्या टेबलाखाली, कपाटावर. एकाने शिक्क्याची शाई प्यायची तयारी केली. साहेब दाराआडून मला खुणा करतायत, हाकला म्हणून. हाकलणार कोण? मी तोंड उघडलं, तर मलाच म्हणाल्या, आधी नाक पुसून या."

मी हसलो. इतक्या जोरात की नात धावत आली.

सरकून मी बाकावर जागा केली. "बसा," म्हटलं. "अजून सांगा."