गोरक्षकाकांचे कान

गोरक्ष अहिरे यांनी हेडफोन उतरवून टेबलावर ठेवला आणि मनाशी ठरवून टाकलं, आता पुरे. उद्या सायलीला फोन करून सांगायचं, बाई, दुसरा कोणी वाचणारा बघ.

नाशिक रोडच्या त्या घरात, मागच्या खोलीत बसून ते दोन वर्षं सायलीसाठी कायद्याची पुस्तकं मोठ्याने वाचून रेकॉर्ड करत होते. सायली मूळची कळवणकडची. जन्मापासून दिसत नाही, पण नाशकात हॉस्टेलवर राहून वकिलीचं शिकत होती. काकांचा मुलगा पुण्याला नोकरीला गेला, तेव्हा त्याचा माइक आणि ऑडिओ इंटरफेस घरीच राहिला. इंटरफेस म्हणजे माइक आणि कॉम्प्युटर यांच्या मधली वीतभर पेटी. आपला आवाज ऐकायचा हेडफोनही त्याच पेटीला लागतो.

जुना हेडफोन मोडला, म्हणून काकांनी महिन्यापूर्वी स्टुडिओत वापरतात तसला जड, महागाचा हेडफोन आणला. तेव्हापासून आवाज अगदी बारीक झाला. भिंतीपलीकडे कुणीतरी बोलतंय असं वाटे. पेटीवरचं बटण शेवटपर्यंत फिरवून झालं, कॉम्प्युटरचा आवाज शंभरावर नेऊन झाला, वायर काढून पुन्हा लावून झाली. काही फरक नाही.

इतकी भारी वस्तू थोडीच खराब असणार? मग खराब काय, ते काकांनी आपलं आपणच ठरवलं. सातपूरच्या एका वर्कशॉपात एकतीस वर्षं कानठळ्या बसवणाऱ्या प्रेस मशीनवर उभं राहण्यात गेली होती. त्यांच्याबरोबरचे दोघेजण आता कानात मशीन घालून फिरत होते. टीव्ही फार मोठा लावता, असं त्यांची बायको सरिताकाकूही हल्ली म्हणायच्या. काका कुणाजवळ बोलले नाहीत. ऐकू यावं म्हणून त्यांनी माइकचं बटणसुद्धा वाढवत नेलं, आणि त्याचा परिणाम असा झाला की रेकॉर्डिंगमध्ये आवाज फाटायला लागला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी फोन केला. "सायली, माझ्याच्याने आता होणार नाही. कान गेलेत माझे."

"कुणी सांगितलं? डॉक्टरने?"

"डॉक्टर कशाला पाहिजे? मला कळतंय ना."

"काका, मी रविवारी येते. तोपर्यंत काही विकू नका, कुणाला देऊ नका."

रविवारी अकराच्या सुमारास ती रिक्षाने आली. काकूंनी हात धरून तिला मागच्या खोलीत नेलं. खुर्चीत बसल्याबरोबर तिने पेटीवरून बोटं फिरवली, प्रत्येक बटण काय करतं ते विचारून घेतलं, आणि हेडफोन डोक्यावर चढवला.

"आता जुनं एखादं रेकॉर्डिंग लावा. पहिल्या वर्षाचं, चांगलं होतं ते."

काकांनी लावलं. ते तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. तिने कपाळाला आठ्या घातल्या, बटण उजवीकडे शेवटपर्यंत नेलं.

"काका, मलाही बारीकच येतंय."

"काय?"

"माझे कान तर धड आहेत ना? मलाही बारीकच येतंय म्हणते."

खोलीत दुसरी खुर्ची नव्हती, म्हणून काका पलंगाच्या कडेवर टेकले. सरिताकाकू एकदा हिच्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत होत्या. "म्हणजे महिनाभर तुम्ही हे मनात घेऊन बसला होतात? मला नाही का सांगायचं?"

सायलीने पर्समधून आपला साधा हेडफोन काढला. त्याची पिन लहान होती. जड हेडफोनच्या टोकाचा मोठ्या पिनचा जोड तिने फिरवून काढला आणि आपल्या वायरला बसवला. रेकॉर्डिंग सुरू झालं तशी ती दचकून "बाई गं!" म्हणाली आणि घाईघाईने आवाज कमी केला.

"पेटी ठणठणीत आहे. आता त्या मोठ्या हेडफोनवर बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचा बरं."

काकांनी चष्मा लावला. "अडीचशे ओम."

"तेच. आमच्या हॉस्टेलवरच्या एका ताईचंही असंच झालं होतं. ओम जास्त असले की ताकदही जास्त लागते, या छोट्या पेटीला ती झेपत नाही. हेडफोन वाईट नाही, पण इथे नको. बत्तीस ओमच्या आसपासचा साधा घ्या. आणि माइकचं बटण खाली आणा, आवाज फाटल्याचा तांबडा दिवा लागता कामा नये."

"पण टीव्हीचं काय मग?" काका हळूच म्हणाले.

"त्यासाठी मात्र कान तपासून घ्या. मनाने ठरवू नका."

माइक नीट लागलाय का, ते बघायला कुणीतरी बोलायला हवं होतं. सायलीने सरिताकाकूंना पुढे केलं. त्या नको नको म्हणत बसल्या, आणि समोर उघडंच होतं ते भाडेकरूंच्या हक्कांचं पान वाचू लागल्या. आधी अडखळत, मग सावकाश, एकेक वाक्य समजून घेत. सायलीचा हेडफोन काकांच्या डोक्यावर होता. बायकोचा आवाज इतका स्वच्छ त्यांनी कधी ऐकला नव्हता. अर्धं पान झालं तरी त्यांनी हात वर करून थांबवलं नाही.

"काकू, तुम्ही का नाही वाचत?" सायली म्हणाली. "माझ्या वर्गात माझ्यासारख्याच न दिसणाऱ्या अजून दोघी आहेत. त्यांना इतिहासाच्या पेपरचं पुस्तक हवंय."

मंगळवारी दोघं कान तपासून आली. डाव्या कानाला बारीक, उंच आवाज थोडे कमी येत होते, बाकी वयाच्या मानाने ठीक. आवाज बेताने ठेवा, वर्षाने पुन्हा या, एवढंच तपासणाऱ्या बाईंनी सांगितलं. रिक्षातच काकांनी सायलीला फोन लावला.

"आवाज फाटलेली चार प्रकरणं पुन्हा वाचतो. शुक्रवारपर्यंत देतो."

"घाई नाही, काका."

"मला आहे," ते म्हणाले. "शनिवारपासून खोली हिला पाहिजे. इतिहास सुरू करायचाय."